दुमडलेले कोपरे

वहिनीचं पत्र
३ फेब्रुवारी

ठके,

आधी खिडकीचा पुठ्ठा काढ. शिवणाच्या मशिनच्या डाव्या खणात आहे, कात्रीखाली. तो ओळीवर ठेव, खिडकीतून एकेक शब्द बघ आणि दमाने घे. तुझ्यासाठीच एवढी मोठमोठी अक्षरं काढतेय आणि ओळीत चारच शब्द बसवतेय. शेजारच्या खाटेवरच्या आजी विचारतात, "नातवाला लिहिताय का हो?" मी पाटीवर लिहून दाखवलं, "नणंदेला. ती नगराध्यक्ष आहे." त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ना! गळा दुखत होता तरी हसू आलं.

आम्ही नीट पोचलो. दवाखाना मोठा आहे, भिंती अर्ध्यापर्यंत हिरव्या. परवा गळ्यातली गाठ काढतील. छोटंसंच आहे म्हणे. पण डॉक्टरांनी आत्तापासूनच तोंडाला कुलूप लावलंय, महिनाभर एक शब्द बोलायचा नाही. तेव्हा फोन विसर. तू अकरा वर्षांची होतीस तेव्हापासून रोज संध्याकाळी मी वाचतेय आणि तू ऐकतेयस. आधी धडे, मग फॉर्म, आता फायली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच खंड पडतोय.

तुझ्या दादांना अजूनही पत्ता नाही. त्यांना वाटतं, मी तुझ्या खोलीत बसते ती गप्पा हाणायला. शपथ घातलीस म्हणून गप्प आहे, नाहीतर नवऱ्यापासून एवढी मोठी गोष्ट लपवायची मला काही हौस नाही.

शेवटच्या पिशवीतल्या फायलींचे कोपरे दुमडून ठेवलेत. वरचा दुमडलेला म्हणजे सही करायची, खालचा म्हणजे परत पाठवायची, हे तुला काय सांगायचं. पण त्यांची घाई करू नकोस. "अभ्यास चालू आहे" म्हणून चार दिवस ढकललंस तरी चालेल.

भिऊ नकोस. मी नाही भीत.

तुझी वहिनी

ठकीचं पत्र
९ फेब्रुवारी

वहिनी,

हे पत्र तीन दिवस लिहितेय. दोनदा फाडलं. हसू नकोस. बरं, हस, पण गळा सांभाळून.

मला भीती वाटते. तू गेल्यापासून ऑफिसात पाय टाकायलाही नको वाटतं. नवे मुख्याधिकारी आहेत ना, ते जाता-येता कागद हातात देतात आणि समोर उभे राहतात. आधीचे साहेब बरे होते, त्यांना बोलायला आवडायचं. हे बोलत नाहीत, बघतात. परवा जिन्यात गाठलं. मी नेहमीचं म्हटलं, "चष्मा घरी राहिला." तर त्यांनी खिशातून स्वतःचा काढला! "माझा घ्या मॅडम, वाचायला सगळ्यांना तोच नंबर लागतो."

लावला, काय करणार. समोर अक्षरं वळवळत होती. मी मनात शंभरपर्यंत मोजलं, मधे एकदा मान हलवली, आणि म्हटलं, "यावर उद्या बोलू." ते हसले. त्या हसण्याने दोन दिवस घास गोड लागला नाही. त्यांना संशय आलाय का गं?

सभा मात्र झक्कास झाली. तू जायच्या आधी वाचून दाखवलेलं सगळं तोंडपाठ होतं. कुठल्या गल्लीत किती नळ, कुठला दिवा कधीपासून बंद, एकही कागद हातात न घेता सांगितलं. शिवणकाम करत होते तेव्हा अख्ख्या गावाची मापं डोक्यात होती, तसंच हे. लोक टाळ्या वाजवतात. त्यांना वाटतं ही केवढी हुशार. मला वाटतं, आज वाचलो.

एक गंमत. परिच्छेद संपला की तू वाचताना म्हणतेस ना, "हं, पुढे"? सभेत मी पण म्हणते! मला माहीतच नव्हतं. टायपिस्टबाई म्हणाल्या, "ही अध्यक्षबाईंची खास लकब." म्हटलं, "उसनी आहे."

वहिनी, दोन मिनिटं फोन कर ना. बोलू नकोस. नुसती खोकलीस तरी मला बरं वाटेल.

ठकी

दादाचं पत्र
१२ फेब्रुवारी

प्रिय ठकीस आशीर्वाद.

पत्राचा कागद एवढासा आणि सांगायचं फार, म्हणून बारीक अक्षरात, कडेकडेनेही लिहितोय. माझं अक्षर तुला ठाऊकच आहे, पण तुझ्यासारख्या हुशार पोरीला काय अवघड? लहानपणी धडे कशी घडाघडा म्हणायचीस. बाबा तुला दगड म्हणायचे ते उगीच.

फोनवर हे बोलायचं धाडस होत नाही. ऑपरेशन झालं. गाठ साधी नव्हती. स्वरयंत्र काढावं लागलं. जीव वाचला, डॉक्टर म्हणतात आता धोका टळला. पण तुझी वहिनी यापुढे बोलू शकणार नाही. महिनाभर नाही आणि नंतरही नाही. तिला हे आधीपासून माहीत होतं, मलाही तिने आदल्या दिवशीच सांगितलं. तुला कळवू नका, तिची मोठी कामं चालू आहेत, मी माझ्या पद्धतीने सांगेन, असं पाटीवर लिहून दिलं. पण ठके, तू आमच्या मुलीसारखी. मला राहवेना.

अजून एक. अंगात ताप आहे, तरी ती सारखी पाटी मागते आणि एकच वाक्य लिहिते. जसंच्या तसं उतरवतोय: "ठकीला कळवा, शेवटच्या पिशवीचे कोपरे खरे नाहीत, सही करू नकोस." मला काही अर्थबोध झाला नाही. तुला होईल, असं ती म्हणते. पत्र टाकल्याशिवाय पाणी पिणार नाही म्हणून हट्ट धरून बसलीय, तेव्हा आत्ताच पेटीत टाकून येतो.

तुझा दादा

ठकीचं पत्र
१८ फेब्रुवारी

वहिनी,

दादाचं पत्र आलं. अगं, पत्र कसलं, मुंग्यांचं वारूळ! कडेने पण मुंग्या, वरून खाली चालल्यात. पुठ्ठा लावून अर्धा तास बघितलं. माझं नाव तेवढं कळलं. मग डोकं ठणकायला लागलं म्हणून घड्याळामागे ठेवून दिलं. औषधं आणि फळं आणि खाट, याशिवाय दादा काय लिहिणार? वाईट बातमी असती तर त्याने फोन केला असता. तूच लिही आता. दहा दिवस तुझी ओळ नाही. रागावलीस का? मी फोन कर म्हटलं म्हणून?

एक काम मात्र मार्गी लागलं. ती शेवटची पिशवी पंधरा दिवस तशीच ठेवली होती, तू घाई करू नको म्हणालीस म्हणून. पण मुख्याधिकारी रोज विचारायचे, "मॅडम, अभ्यास अजून चालूच?" काल बसले आणि सगळ्या फायली काढल्या. अकराच्या अकरांचा वरचा कोपरा! एकही परत पाठवायची नाही. जरा नवल वाटलं. मग म्हटलं, वहिनीने जाता जाता माझा रस्ता साफ करून ठेवला. धडाधड सह्या केल्या आणि पिशवी रिकामी करून दिली. साहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

आज टाकीखालच्या शाळेतल्या बाई आल्या होत्या. रुमालात सिमेंटचा पोपडा, तळहाताएवढा. उंच टाकीवरून पडला म्हणाल्या, मधल्या सुट्टीत, पोरं खेळत होती तिथे. म्हटलं, उद्याच अभियंत्यांकडून अहवाल मागवते. बाई म्हणाल्या, "अहवाल तर त्यांनी महिन्यापूर्वीच दिलाय ना?" मी म्हटलं, "हो हो, तोच." मला काहीच आठवेना. तू मला टाकीचं काही वाचून दाखवलं होतंस का गं? मी कधी विसरत नाही.

ठकी

वहिनीचं पत्र
२१ फेब्रुवारी

ठके,

तुझं पत्र आत्ताच मिळालं. तुझ्या दादांनी लिहिलं म्हणून मी निर्धास्त झाले होते. तुला ते वाचता येणार नाही, एवढी साधी गोष्ट माझ्या, माझ्या ध्यानात आली नाही. तापात होते, पण ही काही सबब नाही.

नीट वाच. शेवटच्या पिशवीचे कोपरे खोटे आहेत. मी त्या फायली वाचल्या नव्हत्या. एकही नाही. हिरव्या दोऱ्याची अभियंत्याची होती, एवढंच आठवतं.

तार केली असती, पण आपला तारवाला दारातून ओरडून वाचतो, आणि तुझ्या दादांना फोन करायला लावायचं तर तुझं सगळं त्यांना सांगावं लागेल.

आज, आत्ता, कुणाकडून तरी वाचून घे. टायपिस्टबाई सरळ आहेत. घड्याळामागचं पत्रही त्यांच्याकडूनच वाच. मी लाख लपवलं असतं, पण आता नाही.

वहिनी

ठकीचं पत्र
२६ फेब्रुवारी

वहिनी,

हे टाईप केलेलं बघून दचकू नकोस. मी बोलतेय आणि टायपिस्टबाई बडवतायत. मी काही गाळायचं नाही असं सांगितलंय. त्या म्हणतात, "हेही घेऊ?" हेही घ्या.

तुझं पत्र चोवीस तारखेला आलं. मी ते तीनदा वाचलं, माझा विश्वासच बसेना. मग फायलींच्या खोलीत बाईंना गाठलं आणि दार लोटलं. दादाचं पत्र पुढे केलं. म्हटलं, "मला वाचता येत नाही." त्या म्हणाल्या, "कुणाला येईल हो हे? केवढं हे बारीक!" म्हटलं, "तसं नाही, मला वाचता येत नाही." त्या म्हणाल्या, "चष्मा बदला." शेवटी मी जवळजवळ ओरडलेच, "बाई, कुठलंच नाही! अक्षरं जागेवर राहत नाहीत! लहानपणापासून!" बाहेर कुणी ऐकलं असेल तर ऐकलं असेल. बाई मटकन स्टुलावर बसल्या. मग म्हणाल्या, "आधी काय वाचू?"

मी भित्री. म्हटलं, आधी फाईल.

वहिनी, हिरव्या दोऱ्याची फाईल टाकीचीच होती. अभियंत्यांनी लिहिलंय, टाकीच्या उत्तरेकडच्या दोन खांबांना आरपार भेगा आहेत, आतलं लोखंड गंजून फुगलंय, टाकी ताबडतोब रिकामी करावी, खालची शाळा त्याच दिवशी हलवावी. "तातडीचे" हा शब्द तीन वेळा, लाल शाईत. लाल शाई मी बघितली होती गं, सही करताना! मला वाटलं, शिक्का असेल. त्याखाली मुख्याधिकाऱ्यांची ओळ: "दुरुस्ती पुढील वर्षी घ्यावी, अहवाल दप्तरी दाखल करावा." आणि त्याखाली माझी सही. सही तेवढी छान आहे माझी, तूच गिरवून घेतलीस. एकशे चाळीस पोरं आहेत त्या शाळेत, आणि मी त्यांच्या डोक्यावरच्या भेगा कपाटात टाकायला सांगितल्या.

तशीच उठले आणि शाळेत गेले. शाळेतल्या बाईंना म्हटलं, "रंगकाम काढलंय, आत्ताच्या आत्ता पोरं मंडईच्या वरच्या हॉलमध्ये न्या." त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि लगेच घंटा वाजवली. पोरांना सुट्टी मिळाल्यासारखं झालं, रांगा करून गाणी म्हणत गेली. मी टाकीकडे मान वर करून बघायचं टाळलं. मग पाणी सोडणाऱ्याकडे गेले, टाकी अर्ध्यावर आणायला सांगितली. आता निम्म्या गावाला एक वेळच पाणी येतंय आणि लोक माझ्या नावाने बोटं मोडतायत.

मुख्याधिकारी म्हणाले, "तोंडी हुकूम आठ दिवस चालेल मॅडम. लेखी कागद तुमच्याच सहीचा आहे. तो फिरवायचा तर सभेत, आणि कारण नोंदवून. नाहीतर तीन तारखेनंतर मला टाकी भरावी लागेल." मग दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणला. म्हणाले, कारण काय, काहीही लिहिता येईल. अभियंत्यांनी अहवाल वेळेवर दिलाच नाही, असं लिहू. ते तर मार्चअखेर निवृत्त होतायत, त्यांचं काय जातंय? मी "नाही" म्हणाले नाही, वहिनी. मी "बघू" म्हणाले.

आणि मी बाहेर आले तर अभियंतेच समोर. हातात छत्री, डोळे लाल. मला म्हणाले, "बाई, तुम्ही वाचूनही सही केलीत?" वाचूनही! याच्याइतकं कुणी कधी मला लागेल असं बोललं नव्हतं. बाबांनी दगड म्हटलं तेव्हाही नाही.

हे सगळं झाल्यावर संध्याकाळी बाई घरी आल्या आणि दादाचं पत्र वाचलं.

(बाई विचारतायत, थांबू का. नको.)

तू मला फसवलंस. छोटंसं ऑपरेशन म्हणे! आणि मी बसलेय लिहीत, नुसती खोक, नुसती खोक म्हणून. मला तुझा इतका राग आलाय आणि मी इतकी रडलेय की बाईंना मला पाणी पाजावं लागलं. तुझा आवाज गेला आणि मला जवळजवळ वीस दिवसांनी कळलं, कारण ते पत्र घड्याळामागे होतं. आपला सगळा संसार घड्याळामागे ठेवल्यासारखा झाला.

सभा तीन तारखेला. बाई म्हणतात, खरं सांगा. म्हणणं सोपं आहे. एकदा सांगितलं की परत आत घालता येणार नाही. रस्त्याने जाताना लोक काय म्हणतील? "अडाणी बाई खुर्चीवर बसवली, पोरं मारणार होती." आणि खोटं तरी काय त्यात? मी रोज सकाळी ठरवते सांगायचं, आणि दुपारपर्यंत माझं धाबं दणाणतं. अभियंत्यांवर ढकलेन का मी? वहिनी, मला माझीच खात्री वाटत नाही.

ठकी

वहिनीचं पत्र
१ मार्च

ठके,

हे सभेच्या आधी पोचणार नाही, कळतंय मला. तरी लिहिते, नाहीतर गळ्यात अडकून बसेल. तिथे आधीच जागा कमी आहे.

तू माझ्यावर ढकल. "माझी वहिनी मला फायली निवडून द्यायची, तिने चूक केली," असं सरळ सांग. मला कुठली निवडणूक लढवायची आहे? त्यात खोटं काहीच नाही. एक फेब्रुवारीच्या संध्याकाळी पिशवी माझ्या मांडीवर होती. तू मशिनवर बसून वाट बघत होतीस. त्या दिवशी दुपारी रुमालावर रक्त आलं होतं, आणि वाचायला तोंड उघडलं तर आवाज फाटला. तुला म्हटलं, आज सगळं किरकोळच आहे, कोपरे दुमडून ठेवते, उद्या गाडी आहे. आणि धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालाव्यात तशा अकरा फायली दुमडल्या. खरं सांगायचं तर मला त्या क्षणी गावाची नाही, माझी भीती वाटत होती. तुला लिहिलं, मी नाही भीत. मी इतकी भ्याले होते की गाडीत रात्रभर तुझ्या दादांचा हात सोडला नाही.

आवाजाचं का लपवलं, ते सांगते. तू माझ्या घरात आलीस, म्हणजे मी तुझ्या घरात आले, तेव्हा तू रोज संध्याकाळी सगळ्यांसमोर धडा वाचायचीस. कुठेही न अडखळता. बाबा खूश. मी भाजी निवडत बसायचे. एके दिवशी सहज मान वर केली तर तू नदीचा धडा म्हणतेयस आणि पुस्तकात उघडलंय वाघाचं चित्र. पोरीने वर्गात ऐकून अख्खं पुस्तक पाठ केलं होतं! तू माझ्याकडे बघितलंस. तसे घाबरलेले डोळे मी त्याआधी बघितले नव्हते. त्या डोळ्यांना मी मनातल्या मनात शब्द दिला की माझा आवाज तुझा. तो जातोय, हे तुला कुठल्या तोंडाने सांगू?

आणि चूक माझी तिथेही झाली. तुला आवाज दिला, पण दुसऱ्या कुणाकडे मागायला शिकवलं नाही. लपवायलाच शिकवलं. तेच काम मी फार चोख केलं.

इथे खाली मुलांच्या एक डॉक्टरीणबाई आहेत. पाटीवर लिहून विचारलं, कुणाचं ते न सांगता. त्या म्हणाल्या, हा दगडपणा नाही आणि आळसही नाही. डोकं शाबूत असतं, बऱ्याचदा चांगलंच तल्लख असतं, फक्त छापलेलं अक्षर पकडताना दमछाक होते. अशी पुष्कळ माणसं आहेत म्हणे. त्याला एक नावही आहे. ते नाव इतकं अवघड की मला पाटीवर लिहिता येईना, त्यांनी दोनदा लिहून दाखवलं! ज्याने ठेवलं त्याला जरा तरी दया यायला हवी होती.

सभेत काय केलंस गं? मी इथे खाटेवर बसून नखं खातेय.

वहिनी

ठकीचं पत्र
५ मार्च

वहिनी,

पहिली पानं बाईंनी टाईप केलीत, शेवटचं मी लिहीन.

सभागृह तुडुंब. पाणी एक वेळचं झालं म्हणून बायका हंडे घेऊनच आल्या होत्या, खुर्च्यांवर जागा नाही तर हंडे उपडे घालून बसल्या. अभियंता कोपऱ्यात, छत्री दोन्ही हातांनी धरलेली. टाकीचा विषय आला. नियम असा की जुना निर्णय फिरवायचा तर मूळ कागद अध्यक्षांनी वाचून दाखवायचा. मुख्याधिकाऱ्यांनी फाईल माझ्यापुढे ठेवली. आणि फाईलवर काय ठेवलं असेल? स्वतःचा चष्मा! घडी घालून, नीट.

त्या चष्म्याने माझं काम केलं. तोपर्यंत माझ्या तोंडात "अहवाल उशिरा आला" हे शब्द तयार होते, तुझ्याशी खोटं बोलणार नाही. मी चष्मा उचलून त्यांना परत दिला. पर्समधून पुठ्ठा काढला. तो हातातून निसटून खाली पडला आणि एका सभासदाने उचलून दिला.

मी म्हटलं, "अहवाल वेळेवर आला होता. तो दप्तरी दाखल करा, यावर सही माझी आहे. मी तो न वाचता सही केली. मला तुमच्यासारखं वाचता येत नाही. कधीच येत नव्हतं. आजवर दुसऱ्यांकडून ऐकून काम केलं. ते सांगायला लाजले, म्हणून ही सही झाली. अभियंत्यांचा यात दोष नाही."

मग मागून कुणीतरी ओरडलं, "मग खुर्चीवर कशाला बसलीस?" आणि हशा. तोच हशा, वहिनी, ज्याला मी आयुष्यभर भ्यायले. मी टेबल धरलं. पण एक सांगू? तो आवाज लवकर संपतो. मला वाटायचं, तो संपतच नसेल.

मग वाचायला घेतलं. पुठ्ठा ठेवला, पहिला शब्द. टाकीच्या. दुसरा शब्द. उत्तरेकडील. तिसरा निसटला, परत पकडला. दोन ओळींतच घामाने पदर भिजला. एक सभासद म्हणाले, "राहू द्या हो, कुणीतरी दुसऱ्याने वाचा, संध्याकाळ होईल." तेव्हा अभियंता उठले. आयुष्यात सभेत न बोललेला माणूस. म्हणाले, "माझा अहवाल आहे. महिनाभर कुणी वाचला नाही. आता बाई वाचतायत, तर ऐका."

बाईंनी घड्याळ लावलं होतं, एकोणीस मिनिटं लागली. तातडीचे, तातडीचे, तातडीचे, तिन्ही वेळा वाचलं. आणि काय झालं माहीत आहे? एवढ्या हळू वाचल्यामुळे प्रत्येक शब्द लोकांना नीट ऐकू गेला. "खालची शाळा" म्हटल्यावर एक बाई हंड्यावरून ताडकन उठली, तिची दोन पोरं तिथे आहेत. ठराव एकमताने झाला. काल टाकी पूर्ण रिकामी केली. अभियंत्यांनी मला वर नेलं आणि खांबाची भेग दाखवली. माझा हात मनगटापर्यंत आत गेला. मी खाली येऊन शाळेच्या ओट्यावर बसले ती अर्धा तास उठले नाही.

आता वाईट भाग. नऊ सभासदांनी अविश्वासाचा ठराव दिलाय. सोळा तारखेला मतदान. मुख्याधिकारी सगळ्यांशी फार गोड बोलतायत. दोन मतं इकडची तिकडे झाली की मी परत मशिनवर. लोक निम्मे निम्मे आहेत. भाजीवाला तोंड फिरवतो. काल एक बाप नऊ-दहा वर्षांच्या मुलीला घेऊन आला, पोर नुसती जमिनीकडे बघत होती. बापाने खिडकीच्या पुठ्ठ्याचं माप घेतलं, लांबी, रुंदी, खिडकी केवढी, आणि गेला. दादाचा फोन आला होता. आधी टाकीचं विचारलं. मग म्हणाला, "ठके, म्हणजे तो नदीचा धडा..." म्हटलं, "हो दादा." म्हणाला, "यापुढे मी मोठ्या अक्षरात लिहीन." आणि फोनवर रडला.

तुझं नाव मी सभेत घेतलं नाही. माझ्यावर ढकल, असं तू लिहिणारच, हे मला माहीत होतं. पण सही माझी आहे.

आता हे पान माझं. बाई गेल्या.

तुझं पत्र आज आलं. बाईंना दिलं नाही. स्वयंपाकघरात बसले, पुठ्ठा लावला आणि मोठ्याने वाचलं. दुपार गेली. माझी भीती, तुझी भीती, एकेक शब्द. पहिला परिच्छेद संपला आणि तोंडातून आपोआप आलं, "हं, पुढे."

मी दचकून मागे बघितलं. वहिनी, तूच बोललीस. तोच हेल, तोच खाली येणारा सूर. मी परत म्हणून बघितलं. परत तूच.

डॉक्टरांना सांग, त्यांना सगळा नाही काढता आला. बराचसा माझ्याकडे आहे.

सोळा तारखेला मी खूप घाबरणार आहे. तोवर तुला घरी सोडतील ना? पहिल्या रांगेत बस. तुला काही म्हणायचं असलं तर लिहून दे, कितीही वेळ लागला तरी मी वाचून दाखवीन.

तुझी ठकी